पायाआधी कळस

प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार १६७४ च्या फेब्रुवारीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, त्या खिंडीमुळे नेसरी हे नाव महाराष्ट्राला माहीत आहे. आजची नेसरी ही गडहिंग्लज तालुक्यातली, चंदगडच्या वाटेवरची बाजारपेठ आहे. पंचक्रोशीतल्या मुलामुलींना पदवीपर्यंत शिकवणारे तु. कृ. कोलेकर महाविद्यालयही इथेच आहे. कोल्हापूर शहर इथून ८०-९० किलोमीटरवर. एवढ्या अंतरावरच्या कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयातल्या बास्केटबॉल, व्हॉलीबॉल किंवा कबड्डी संघाचे वर्ष कसे जाते, ते आधी पाहू. प्रवेश आटोपले की क्रीडा संचालक मुले गोळा करतात आणि संध्याकाळचा सराव सुरू होतो. विद्यापीठाचे वेळापत्रक येते आणि ‘झोनल’ कोणत्या महाविद्यालयात आहे ते कळते. ठरल्या दिवशी पहाटेची एसटी पकडून संघ यजमानांच्या मैदानावर पोचतो, चिठ्ठ्या निघतात, सामना होतो. जिंकला तर दुसरा सामना. हरला तर दुपारचे जेवण उरकून परतीची एसटी. किट कपाटात जाते आणि पुढच्या वर्षापर्यंत तिथेच राहते. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. मुलांनी घाम गाळलेला असतो, संचालकांनी धावपळ केलेली असते. दोष आहे तो स्पर्धेच्या रचनेत. खेळाच्या वर्षाचा शेवट ज्या स्पर्धेने व्हायला हवा, तीच आपल्याकडे वर्षाची सुरुवातही आहे आणि शेवटही. पाया न घालता आपण कळस चढवत आलो आहोत.

ही रचना नीट समजून घेतली पाहिजे. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे आज त्याच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन खेळांची पहिली पायरी विभागीय, म्हणजे झोनल. तिथले विजेते आंतरविभागीय स्पर्धेत जातात आणि त्यातून व निवड चाचणीतून विद्यापीठाचा संघ उभा राहतो. हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातली विद्यापीठे तिथे एकमेकांसमोर येतात. देशाच्या चारही विभागांतले पहिले चार-चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात. २०२० साली भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेने या शिडीला आणखी एक पायरी जोडली. सांघिक खेळांत देशातली आघाडीची आठ विद्यापीठे तिथे खेळतात. शिडी उंच आहे आणि चांगली आहे. मात्र तिच्या बहुतेक पायऱ्यांवर बाद पद्धत आहे. सर्वात खालच्या पायरीवर, जिथे सर्वाधिक मुले उभी असतात, तिथे ती सर्वात कठोरपणे लागू होते.

बाद पद्धतीचा हिशेब अगदी सोपा आहे. प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो. म्हणून १६ संघांत एक विजेता काढायला १५ सामने पुरतात. यजमानांना ही काटकसर सोयीची वाटते आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या १५ सामन्यांची वाटणी कशी होते, ते पाहिले पाहिजे. ८ संघ एकच सामना खेळून परततात, ४ संघांना दोन सामने मिळतात आणि चार सामने खेळायला मिळतात फक्त अंतिम फेरीतल्या दोन संघांना. ज्याला खेळाची सर्वात जास्त गरज आहे, त्याच्या वाट्याला सर्वात कमी खेळ येतो. बास्केटबॉलचा सामना १० मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. मैदानावर एका वेळी पाच खेळाडू, म्हणजे एका संघाच्या वाट्याला एकूण २०० खेळाडू-मिनिटे. ती १२ जणांच्या चमूत सारखी वाटली तरी प्रत्येकाला १७ मिनिटेही पूर्ण मिळत नाहीत. प्रत्यक्षात वाटणी सारखी होत नाही. चुरशीच्या सामन्यात राखीव खेळाडू बाकावरून उठतच नाहीत. तीन वर्षांच्या पदवीत दरवर्षी पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघातला उत्तम खेळाडूसुद्धा महाविद्यालयाच्या नावावर जास्तीत जास्त १२० मिनिटे खेळतो. एवढ्या वेळात कोणाचाच खेळ घडत नाही.

महाविद्यालयीन बास्केटबॉल जिथे जन्मले, त्या अमेरिकेकडे या संदर्भात वळणे योग्य ठरेल. १८९१ च्या डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद जागेत खेळता येईल असा खेळ शोधला, त्याचे १३ नियम लिहिले आणि पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या. हा खेळ महाविद्यालयांत पसरला तेव्हा जवळपासच्या संस्थांनी आपापले गट बांधले. त्यांना तिथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात; आपण महाविद्यालयांचा संघ किंवा गट म्हणू. गटातले सगळे एकमेकांशी ठरलेले साखळी सामने खेळतात, बरेचदा एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा समोरच्याच्या. हा हंगाम हिवाळाभर चालतो. तो संपल्यावर, मार्चच्या सुरुवातीला, त्याच गटातल्या संघांची काही दिवसांची बाद पद्धतीची स्पर्धा होते. साखळीत वरचा क्रमांक मिळवलेल्यांना त्यात सोपी वाट किंवा बाय मिळतो, आणि विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेचे दार आपोआप उघडते. सदर्न कॉन्फरन्सची अशी स्पर्धा १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनची, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची १९५४ पासूनची. १९३९ मध्ये ८ संघांनिशी सुरू झालेली पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९८५ मध्ये ६४ आणि २०११ मध्ये ६८ संघांची झाली. हंगामानंतरची ही स्पर्धा बाद पद्धतीचीच असते, म्हणजे पहिल्या फेरीत हरलेला संघ तिथेही घरी जातो. पण तोपर्यंत त्याच्या पदरात पंचवीस-तीस सामने पडलेले असतात.

शेवटच्या स्पर्धेला किती वजन द्यायचे यावर अमेरिकेतही कडाक्याचे वाद झाले आहेत, आणि ते वाद आपल्याला बरेच शिकवतात. अटलांटिक कोस्ट गटात १९७० साली साउथ कॅरोलायना विद्यापीठाने साखळीतले १४ च्या १४ सामने जिंकले. गटाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मात्र जादा वेळ दोनदा खेळूनही नॉर्थ कॅरोलायना स्टेटने त्यांना ४२-३९ असे हरवले. त्या काळी एका गटातून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाई. १४ विजयांचा हंगाम एका रात्रीत वाया गेला. पुढे १९७४ मध्ये याच गटाच्या अंतिम सामन्यात मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट हे देशातले दोन अव्वल संघ भिडले. जादा वेळेत १०३-१०० अशा फरकाने मेरीलँड हरले आणि राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिले. जिंकलेल्या संघाने त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. हा अन्याय साऱ्यांना दिसला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका गटातून एकाहून अधिक संघ घेण्याची वाट मोकळी झाली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासारखी ८ विद्यापीठे असलेल्या आयव्ही लीगने तर साखळीतला पहिला संघ हाच आपला विजेता, असा आग्रह दीर्घकाळ धरला. गटाची बाद स्पर्धा त्यांनी २०१७ मध्ये सुरू केली, तीही वरच्या चार संघांपुरती. एका सामन्याच्या निकालावर सगळे सोपवू नये, हे जिथे बाद स्पर्धेचे वेड सर्वात मोठे आहे तिथेही पटलेले आहे.

हे गणितानेही पडताळता येते. समजा, १६ संघांतला एक संघ इतका सरस आहे की समोर कोणीही असो, तो दहांपैकी सात सामने जिंकेल. बाद पद्धतीत विजेता ठरायला त्याला सलग चार सामने जिंकावे लागतात. त्याची शक्यता निघते शंभरात २४. म्हणजे चारांतल्या तीन वेळा सर्वात चांगला संघ विजेता नसतो. हाताला लागलेला घाम, पंचांचा एक निर्णय, मुख्य खेळाडूचा मुरगळलेला पाय, चिठ्ठीत पहिल्याच फेरीत समोर आलेला तगडा संघ, यांपैकी काहीही निकाल फिरवू शकते. साखळीत हे योगायोग एकमेकांना छाटत जातात आणि खरी ताकद वर येते. यावरून बाद पद्धत मोडीत काढावी असे मी म्हणणार नाही. योगायोगाला वाव आहे म्हणूनच ती रंगते, आणि दुबळ्यालाही तिथे संधी असते. २०१८ साली मेरीलँड-बाल्टिमोर काउंटी या छोट्या विद्यापीठाने साखळीत दोन्ही वेळा आपल्याला हरवणाऱ्या व्हर्माँटला गटाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणाच्या तीन गुणांच्या फेकीने ६५-६२ असे नमवले. मग राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असे हरवले. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या संघाने पहिल्या मानांकिताला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती. पण हा संघ नवखा नव्हता. हंगामभर हरत-जिंकत तो तयार झाला होता. अनपेक्षित विजय मिळवायलाही आधी बरेच खेळावे लागते.

‘हे अमेरिकेचे झाले, आपल्याकडे काय,’ असे कोणी विचारेल. उत्तर आपल्याच इतिहासात आहे. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला तेव्हा विभागांतले सामने बाद पद्धतीने होत. एखादा संघ एकच सामना खेळून वर्षभर बसून राही. १९५७-५८ पासून विभागांत साखळी आली आणि बाद फेरी तिच्यानंतर गेली. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातला दुसरा संघही बाद फेरीत घेतला जाऊ लागला. अमेरिकेत १९७५ मध्ये जे शहाणपण आले, ते आपल्या क्रिकेटला चार-पाच वर्षे आधीच सुचले होते. आज आयपीएल किंवा प्रो कबड्डी पाहणाऱ्या कोणालाही ‘आधी साखळी, मग बाद फेरी’ हे सांगावे लागत नाही. आयपीएलमध्ये तर २०११ पासून साखळीतल्या पहिल्या दोन संघांना एक पराभव माफ असतो. आणि कोल्हापूरकरांना दूर जायचेही कारण नाही. शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटातले १६ संघ आधी लीग खेळतात आणि मग चषकांच्या बाद स्पर्धा रंगतात. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची आणि क्लबांची नावे पेठापेठांत पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण त्यांना वर्षाला एक सामना मिळत नव्हता, हंगाम मिळत होता. गडहिंग्लजनेही दिवाळीच्या सुट्टीतल्या फुटबॉल स्पर्धांमधून आपली परंपरा जोपासली आहे. पेठेतल्या पोराला जे मिळते, ते महाविद्यालयाच्या संघाला का मिळू नये?

याच धर्तीवर नेसरीच्या परिसरात काय करता येईल, ते ठोस मांडतो. नेसरीचे कोलेकर महाविद्यालय, गडहिंग्लजची डॉ. घाळी आणि शिवराज महाविद्यालये, आजरा महाविद्यालय, चंदगडचे र. भा. माडखोलकर महाविद्यालय, हलकर्णीचे यशवंतराव चव्हाण महाविद्यालय, गारगोटीचे कर्मवीर हिरे महाविद्यालय आणि मुरगूडचे सदाशिवराव मंडलिक महाविद्यालय, अशी ८ नावे उदाहरणादाखल घेऊ. चार-चारांचे दोन गट करायचे. गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे, म्हणजे गटाला ६ आणि दोन्ही गटांना मिळून १२ सामने. मग प्रत्येक गटातले पहिले दोन संघ उपांत्य फेरीत आणि त्यांतले दोन अंतिम फेरीत, म्हणजे आणखी ३. एकूण १५. सोळा संघांच्या बाद स्पर्धेला लागतात तेवढेच सामने, पण इथे सर्वात दुबळ्या संघालाही तीन सामने मिळतात. गटातले सामने तीन शनिवारी, दर वेळी वेगळ्या महाविद्यालयाच्या मैदानावर घ्यायचे. विजेता आणि उपविजेता विद्यापीठाच्या झोनलमध्ये मानांकन घेऊन जातील. त्या स्पर्धेला हात लावायची गरज नाही. खेलो इंडियात देशातल्या आठ आघाडीच्या विद्यापीठांसाठी आज हीच मांडणी वापरतात: दोन गट, साखळी, मग उपांत्य फेरी. आंतरविद्यापीठ विभागीय स्पर्धेतही शेवटचे चार संघ आपसात साखळी खेळतात. साखळीचे मोल धुरिणांना पटलेले आहेच. ते वरच्या आठांपुरते आणि चारांपुरते न ठेवता खालच्या पायरीवरच्या आठांपर्यंत आणायचे, एवढीच मागणी आहे.

पहिला आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. सत्र पद्धतीत परीक्षा डोक्यावर असतात, प्रवासभत्ता तुटपुंजा असतो, प्राध्यापकांना तास असतात. हे सारे खरे आहे. पण वरच्या मांडणीत सगळे सामने शेजारशेजारच्या पाच तालुक्यांच्या आत होतात. सकाळी निघालेला संघ संध्याकाळी घरी पोचतो, मुक्कामाचा खर्च लागत नाही. दोन सामन्यांसाठी एक दिवस, आणि त्याच दिवशी मुलींचे दोन सामने घेतले तर गाडी, पंच आणि मैदान यांचा खर्च निम्म्यावर येतो. मुलींच्या दृष्टीने तर जवळचे मैदान ही सोयीपेक्षा मोठी गोष्ट आहे. अनेक घरांतून दूरच्या मुक्कामाच्या स्पर्धेला परवानगी मिळत नाही, पण शेजारच्या तालुक्यात दिवसाउजेडी जाऊन यायला मिळते. आणि जे घरचे लोक आजवर मुलीचा खेळ पाहू शकले नाहीत, ते नेसरीच्या मैदानावर येऊन बसतील. आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर खेळणे ही खेळाडू घडवणारी गोष्ट आहे. बाद स्पर्धा एकाच यजमानाकडे होते, त्यामुळे हे भाग्य बाकीच्यांना लाभत नाही. प्रत्येक महाविद्यालयात बास्केटबॉलचे २८ बाय १५ मीटरचे पक्के मैदान असणार नाही, हे मान्य. तिथे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांपासून सुरुवात करावी. रचनेचा मुद्दा सर्व खेळांना सारखाच लागू आहे. उलट, वर्षाला तीन-चार सामने होणार हे ठरले की मैदान बांधण्याची मागणी करायला संस्थेला कारण मिळेल. एका सामन्यासाठी सिमेंट ओतायला कोणी तयार होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की विद्यापीठाचे काम आपला संघ निवडण्याचे आहे आणि त्याला झोनल व निवड चाचणी पुरेशी आहे. निवडीपुरते पाहिले तरी हे पटत नाही. पहिल्या फेरीत हरलेल्या संघातला गुणी खेळाडू निवड समितीला ४० मिनिटेच दिसतो, तेही त्याच्या संघाच्या सर्वात वाईट दिवशी. तीन सामन्यांची गुणपत्रके हाती असली तर निवड अधिक न्याय्य होईल आणि तक्रारी कमी होतील. शिवाय विद्यापीठ संघात जाणारे मूठभर असतात. उरलेल्या शेकडो मुलांसाठी खेळ हा शिक्षणाचा भाग आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. शिक्षण म्हटले तर चूक सुधारण्याची संधी त्यात आलीच. हरल्यावर पुढच्या शनिवारी पुन्हा उतरायचे आहे, ही जाणीव जे शिकवते ते परतीच्या एसटीत शिकता येत नाही. तिसरा आक्षेप दबावाचा: बाद पद्धत मन खंबीर करते, साखळीत ढिलाई येते. दबावाची शाळा हवीच, म्हणून तर शेवटच्या तीन सामन्यांत बाद पद्धत ठेवली आहे. पण पोहायला न शिकवता डोहात ढकलणे याला खंबीर करणे म्हणत नाहीत.

चौथा आक्षेप सर्वात गंभीर आहे. अमेरिकेतल्या या स्पर्धा दूरचित्रवाणीच्या आणि तिकिटांच्या पैशावर चालतात. तिथे महाविद्यालयीन खेळाचा बाजार झाला आहे. त्याचे अनुकरण कशाला? ही भीती रास्त आहे. गटांच्या हंगामोत्तर स्पर्धा वाढण्यात पैशाचा वाटा मोठा होता, हे नाकारता येणार नाही. म्हणूनच नमुना निवडताना डोळे उघडे ठेवले पाहिजेत. आयव्ही लीगची ८ विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, तरी त्यांचा प्रत्येक संघ गटात १४ साखळी सामने खेळतो. बाजार आणि हंगाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक नाकारून दुसरी घेता येते. आपल्याला हवे आहे ते वेळापत्रक, गुणतक्ता, शेजारच्या महाविद्यालयाशी निकोप चुरस आणि हंगामाच्या शेवटी एक करंडक. त्याला कॅमेरे लागत नाहीत.

या सगळ्या विवेचनातून माझा निष्कर्ष एकच निघतो. अंतिम स्पर्धेचा मान तिच्याआधी खेळलेल्या सामन्यांतून येतो. ज्या करंडकामागे हंगाम नाही, तो फक्त एका चांगल्या दिवसाचा पुरावा असतो. हे बदलायला नवा कायदा लागत नाही, मोठे अनुदान लागत नाही. येत्या वर्षी प्रवेश आटोपताच गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड आणि कागल तालुक्यांतल्या क्रीडा संचालकांनी एका दुपारी एकत्र बसावे, एका खेळाची निवड करावी, तीन शनिवार ठरवावेत आणि पहिला सामना नेसरीत घ्यावा. प्राचार्यांनी त्यांना गाडी द्यावी, आणि गावकऱ्यांनी मैदानाच्या कडेला येऊन उभे राहावे.